डबल रायफल घेताना: पैसा कशात घालावा, कशात घालू नये

आफ्रिकेत बफेलोच्या शिकारीसाठी डबल रायफल, म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्यांची रायफल, घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा कंपनीचं नाव विचारतो. हॉलंड घेऊ, हाइम घेऊ, की मेर्केल परवडेल? माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: तिचा कागद पाहिलात का? म्हणजे पन्नास मीटरवर, ज्या काडतुसाने तुम्ही शिकार करणार त्याच काडतुसाने, उजवी-डावी, उजवी-डावी असे बार काढून भोकं पडलेला कागद. तो हातात आल्याशिवाय प्रत, किंमत, भरवसा यांतल्या कशाचीच तुलना होत नाही.

मी मूळचा इचलकरंजीचा. टूलरूममध्ये डाय आणि गेज करण्यात उमेदीची वर्षं गेली. नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत आलो, प्रिटोरियाच्या दक्षिणेला सेंच्युरियनमध्ये स्थिरावलो आणि इथल्या नेमबाजी क्लबातल्या मित्रांबरोबर शिकारीला जाऊ लागलो. धातूच्या दोन भागांची बसणी नजरेला आणि बोटाला कळते, म्हणून कुणी डबल बघायला निघालं की मला बरोबर नेतं. त्या अनुभवावर हे लिहितोय.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे. हे लिखाण दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिंबाब्वे, टांझानिया अशा देशांत परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या घरी पणजोबांच्या काळातली डबल परवान्यावर पडून आहे, त्यांनाही यातला जुन्या रायफलींचा भाग उपयोगी पडेल.

तुम्ही नेमकं काय विकत घेता

डबल म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र रायफली. दोन नळ्या, दोन लॉक (बार उडवणारी यंत्रणा), दोन चाप. एका बाजूची स्प्रिंग तुटली किंवा फायरिंग पिन मोडली तरी दुसरी बाजू चालते. दुसरा बार काढायला हात हलवावा लागत नाही, नजर जनावरावरून ढळत नाही. बोट पुढच्या चापावरून मागच्या चापावर सरकलं की झालं. झाडीत पंधरा-वीस मीटरवरून जखमी बफेलो अंगावर येतो तेव्हा एकनळी रायफलीचा बोल्ट मागे-पुढे करून नवं काडतूस आणायला जो क्षण लागतो, तो तिथे नसतो. सगळा पैसा या दुसऱ्या बाराचा आहे.

अडचण अशी, की शेजारी शेजारी असलेल्या दोन नळ्यांमधून एकाच जागी गोळी पोचवणं फार अवघड काम आहे. बार उडताच रायफल वर तर उसळतेच, शिवाय उजव्या नळीचा बार तिला उजवीकडे फिरवतो आणि डाव्या नळीचा डावीकडे. गोळी नळीच्या तोंडाबाहेर पडायच्या आतच हे फिरणं सुरू झालेलं असतं. म्हणून नळ्या समांतर न जोडता पुढे किंचित एकमेकींकडे वळवून जोडतात. किती वळवायच्या, हे आकडेमोडीने पुरतं सुटत नाही. कारागीर नळ्या तात्पुरत्या जोडतो, बार काढून बघतो, तोंडाजवळचं सोल्डर तापवून मधली पाचर सरकवतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही नळ्या जुळेपर्यंत हे चालतं. याला रेग्युलेशन म्हणतात.

हे काम एका ठरावीक गोळीच्या वजनाला आणि वेगाला धरून केलेलं असतं, आणि तुलना करताना बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात. काडतूस बदललं की रायफल बदलली असं समजा.

आधी गरज आहे का ते बघा

आयुष्यात एकदा बफेलोची शिकार करायची असेल तर चांगली बोल्ट-अॅक्शन .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम घ्या. १९१२ पासून ते काडतूस आफ्रिकेत काम करतंय. ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळी आणि दारू तोलायचं माप) गोळी सुमारे ५,८०० ज्यूल घेऊन जाते, आणि बफेलोसाठी बऱ्याच आफ्रिकी देशांत कायद्याने जी किमान मर्यादा आहे ती साधारण याच काडतुसाभोवती आखलेली आहे. वरून दुर्बीण लावता येते, शंभर-दीडशे मीटरवर बिनधास्त बार काढता येतो आणि किंमत डबलच्या काही अंशच असते.

डबल घ्या ती दाट झाडीत, पायी, जवळून शिकार करण्याची मनापासून ओढ असेल तर. आणि वर्षभर तिच्याबरोबर सराव करायची तयारी असेल तर. तिजोरीत ठेवून सणासुदीला काढायची असेल तर तिच्या भरवशाचा काही उपयोग नाही, कारण भरवसा निम्मा रायफलीचा आणि निम्मा ती चालवणाऱ्याचा असतो.

काडतूस

आज नवी डबल घेणाऱ्याने .४७० नायट्रो एक्सप्रेस घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ५०० ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेग, सात हजार ज्यूलच्या आसपास ताकद. जवळजवळ प्रत्येक कंपनी या मापात रायफल बनवते, काडतुसं फेडरल, हॉर्नडी, नॉर्मा अशा अनेकांकडून मिळतात, आणि रायफल साडेचार ते पाच किलोत बसते. .५०० नायट्रो अधिक जोराची आहे, ५७० ग्रेनची गोळी तेवढ्याच वेगाने फेकते, पण तिचा धक्का सोसून दुसरा बार नेमका लावणारे कमी. बांधा लहान असेल तर .४५०/४०० घ्या. ४०० ग्रेनची गोळी, सौम्य धक्का. बफेलोला ती पुरून उरते. युरोपात रानडुकरासाठी लोकप्रिय असलेलं ९.३×७४आर फार गोड काडतूस आहे, स्वस्त डबल बहुधा त्यातच मिळते, पण अनेक देशांत ते बफेलोसाठी कायद्यात बसत नाही. तिकिटं काढायच्या आधी हे तपासा.

.४७० इतकी पसरली त्यामागे भारताचा हात आहे. १८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस आणली आणि डबल रायफलीचं युग पालटलं. पण मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीची गोळीही .४५० मापाची, ती बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये त्या मापाची काडतुसं भारतात आणायला बंदी घातली. बंदूककारांपुढे वेगळी मापं काढण्यावाचून मार्ग उरला नाही. हॉलंडची .५००/४६५ त्यातूनच आली, .४७० ला बाजार मिळाला तो याच बंदीमुळे, आणि भारतातल्या संस्थानिकांच्या मागण्यांवर लंडन-बर्मिंगहॅमचे कारखाने कित्येक वर्षं चालले.

प्रत बघताना हात कुठे लावायचा

कोरीवकाम आणि अक्रोडाच्या लाकडाची नक्षी सगळ्यात शेवटी बघा. आधी पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या अॅक्शनपासून, म्हणजे लॉक ज्यात असतात त्या मागच्या लोखंडी भागापासून, सोडवा आणि खालच्या लोखंडी खुंटाला एका बोटावर अडकवून हवेत लोंबत धरा. नखाने किंवा लाकडी पेन्सिलीने हलकं टिचकं मारा. घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्या, म्हणजे रिब, पक्क्या जोडलेल्या आहेत. आवाज बसका आला तर कुठेतरी सोल्डर सुटलंय. सुटलेल्या रिबची रायफल कधीच एका जागी मारणार नाही, किंमत काहीही असो.

मग नळ्या पुन्हा बसवा, पण लाकडी पुढचा भाग लावू नका. बंद करून दस्ता काखेत दाबा आणि नळ्या डावी-उजवीकडे हलवा. खेळ जाणवता कामा नये. उजेडासमोर धरून ब्रीचचा, म्हणजे नळ्यांची मागची तोंडं अॅक्शनला टेकतात तिथला, सांधा बघा. उजेडाची रेघ दिसली तर बिजागरीची पिन झिजली आहे. मी फट मोजायच्या फीलर गेजची सगळ्यात पातळ पात घालून बघतो. उत्तम कारागिराने हा सांधा दिव्याच्या काजळीवर बसवलेला असतो: काजळी धरायची, बंद करायचं, जिथे काळं पुसलं जातं तेवढंच घासायचं. टूलरूममध्ये आम्ही निळा रंग लावून हेच करतो. अशी बसणी एकदा पाहिली की डोळा फसत नाही.

बंद ठेवणारी कुलपं वेगवेगळ्या जातीची असतात. खालच्या बाजूचा पर्डीचा सरकता बोल्ट १८६३ चा, वर ग्रीनरचा आडवा बोल्ट, रिग्बीचा उभा चढणारा बोल्ट. यांत श्रेष्ठ कोण यावर लोक रात्री जागवतात. मला विचाराल तर नीट बसवलेली कुठलीही पद्धत माणसाच्या आयुष्याला पुरते.

नळ्या जोडायच्या मुख्य दोन पद्धती. चॉपर-लंपमध्ये प्रत्येक नळी आणि तिच्याखालचा अर्धा खुंट एकाच लोखंडातून घडवतात आणि मग दोन अर्ध जोडतात. मोनोब्लॉकमध्ये मागचा ठोकळा वेगळा करून त्यात नळ्या बसवतात. पहिली महाग आणि अंगाने सडपातळ. दुसरी कारखान्याला सोपी, आणि आजच्या यंत्रांवर अतिशय भक्कम होते. मोनोब्लॉक आहे म्हणून रायफल हलक्या प्रतीची ठरवू नका.

लॉकही दोन प्रकारचे. अॅन्सन आणि डीली यांनी वेस्टली रिचर्ड्समध्ये १८७५ साली काढलेला बॉक्सलॉक, आणि बाजूच्या पत्र्यावर बसवलेला साइडलॉक. साइडलॉक दिसायला देखणा, त्यात बहुधा जादा अडसर असतो, त्यामुळे रायफल आपटली तरी बार सुटत नाही. पण चांगला बॉक्सलॉक शिकारीत कुठेच कमी पडत नाही, आणि त्याला दस्त्याचं लाकूड कमी पोखरावं लागतं. साइडलॉकसाठी दुप्पट-तिप्पट मोजणं हा हौसेचा खर्च आहे. हौस असेल तर जरूर करा, पण त्याला भरवशाचं नाव देऊ नका.

चाप आणि दोन्ही बार एकदम सुटणं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण डबलचा सगळ्यात वाईट दोष इथे राहतो. पुढचा चाप ओढला आणि धक्क्याने डावी बाजूही सुटली, तर दोन काडतुसांचा मार एकदम खांद्यावर येतो आणि संकटाच्या क्षणी दोन्ही नळ्या रिकाम्या होतात.

तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही नळ्यांत खोटी काडतुसं घाला, सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारा खटका, काढा, पुढचा चाप ओढा. उजवी बाजू पडली. आता चापाला हात न लावता दस्त्याच्या रबरावर तळहाताने चांगले जोरात तडाखे द्या. मग मागचा चाप ओढा. ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे डावी बाजू अजून ताणलेली होती, ठीक आहे. नाही आला, तर ती तडाख्यानेच सुटली होती. रायफल तिथेच खाली ठेवा. हे उलट बाजूनेही करा. चापाचं वजन स्प्रिंगकाट्याने मोजा: पुढचा साधारण पावणेदोन किलो आणि मागचा त्याहून थोडा जड, दोन किलोच्या आसपास. मागचा हलका असेल तर कुणीतरी हौसेने दगडावर घासलाय असं समजावं. पुढचा चाप बिजागरीचा असेल तर उत्तम, धक्क्यात बोटाची पाठ त्यावर आपटत नाही.

एक सावधगिरी नक्की पाळा. टेबलावर टेकून बार काढताना एकाच नळीत काडतूस भरा. टेकलेल्या अंगावर धक्का विचित्र येतो आणि निरोगी रायफलीवरही बोट नकळत मागच्या चापावर जातं.

रायफल उघडताना सेफ्टी आपोआप लागत असेल तर ती सोय कारागिराकडून काढून घ्या. घाईत दोन काडतुसं भरली, रायफल बंद केली, चाप ओढला आणि काहीच झालं नाही, अशी वेळ बफेलोसमोर येऊ नये. जर्मनीतल्या उल्मच्या क्रीगहॉफची पद्धत वेगळी आहे: अंगठ्याने खटका पुढे ढकलला की स्प्रिंगा ताणल्या जातात, तोवर त्या ढिल्याच असतात. भरलेली रायफल खांद्यावर घेऊन दिवसभर चालणाऱ्यासाठी याहून सुरक्षित काही नाही. खटका मात्र कडक असतो. आपल्या अंगठ्याने तो बसल्या, उभ्या, घाम आलेल्या हाताने ढकलता येतो का, हे दुकानातच बघा.

इजेक्टर की साधा एक्स्ट्रॅक्टर? इजेक्टर रिकामं काडतूस उडवून टाकतो, एक्स्ट्रॅक्टर ते नुसतं वर उचलतो. मला एक्स्ट्रॅक्टर पसंत आहे: आवाज नाही, बिघडायला भाग कमी, किंमत कमी. पण व्यावसायिक शिकाऱ्याला झटपट पुन्हा भरण्यासाठी इजेक्टरच लागतो, आणि ते मला पटतं. इजेक्टर असेल तर एकच नळी उडवून रायफल उघडा. उडालेलं काडतूस बाहेर फेकलं गेलं पाहिजे आणि भरलेलं जागेवरच नुसतं वर आलं पाहिजे.

किंमत

आकडे दरवर्षी सरकतात, म्हणून मी पायऱ्या सांगतो. दहा हजार अमेरिकी डॉलरच्या आत-बाहेर खालची पायरी आहे. इटलीतल्या गार्दोने व्हाल ट्रोंपियाची साबाटी, किंवा फ्रेंच शापुईच्या साध्या आवृत्त्या इथे भेटतात. शापुई २०१९ पासून बेरेट्टाच्या मालकीची आहे. मधली पायरी पंधरा ते तीस हजारांच्या घरातली: जर्मनीतल्या सुलची मेर्केल, क्रीगहॉफ, आणि १८६५ मध्ये सुलमध्येच सुरू झालेली हाइम. त्याच्यावर थेट इंग्रजी बनावट येते, वेस्टली रिचर्ड्स, रिग्बी, पर्डी, हॉलंड अँड हॉलंड. तिथे आकडा सहा अंकी होतो आणि रायफल हातात यायला वर्षं लागतात.

खालच्या पायरीवर लोखंड वाईट नसतं. पैसा वाचवलेला असतो तो रेग्युलेशनच्या वेळेत. नळ्या पाचर सरकवून जुळवायच्याऐवजी एका नळीच्या तोंडाची कड तिरकी घासून गोळी बाजूला वळवायची, असा आडमार्ग काही स्वस्त डबलमध्ये सापडतो. भिंग घेऊन दोन्ही तोंडं बघा. कड सगळीकडून सारखी, गोल, चकचकीत हवी. एका अंगाला घासल्याचं दिसलं तर उलट्या पावली परत या. अशी रायफल एका काडतुसाला कशीबशी जुळते आणि दुसऱ्याला कधीच नाही. मात्र याच पायरीवर नीट जुळलेल्या रायफलीही मी हाताळल्या आहेत, म्हणून पुन्हा सांगतो, नाव नका बघू, कागद बघा.

मधल्या पायरीवर पैशाचा मोबदला सगळ्यात चांगला मिळतो. शिकारीसाठी घेणाऱ्याने इथेच थांबावं असं मला ठामपणे वाटतं. हाइम इंग्रजी घडणीच्या जवळ जाते, हातात जिवंत वाटते. क्रीगहॉफ जरा ठोकळेबाज पण शिस्तीची, आणि तिला जादा नळ्यांचे जोड मिळतात. मेर्केल साधी, मजबूत, वापरलेल्या बाजारात सहज सापडते. निवड करायची तर मी हाइमकडे झुकतो, कारण ती खांद्याला लावताच माशी खाचेत आपोआप येते. तुमच्या खांद्याला कदाचित दुसरी बसेल.

इंग्रजी पायरीवर तुम्ही शेकडो तासांची हातकारागिरी घेता. वेस्टली रिचर्ड्सचा १८९७ चा हाताने सुटणारा लॉक खालचं झाकण उघडून बाहेर काढला, की आतली घासाई पाहून माझ्यासारख्या फिटरचे डोळे भरून येतात. ते मोल खरं आहे. फक्त बफेलोला त्याने फरक पडत नाही.

किंमत धरताना रायफलीवर थांबू नका. .४७० च्या वीस काडतुसांची पेटी दीडशे-दोनशे डॉलरच्या पुढेच जाते. रेग्युलेशन बिघडलेलं असेल तर ते पुन्हा करून घ्यायचा खर्च हजारांत, आणि असा कारागीर मिळाला तरी रांग लांब.

कागद: भरवशाची खरी परीक्षा

विक्रेत्याला आधीच सांगा की बार काढून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही. नाही म्हणाला तर दुसरी रायफल बघा.

काठ्यांच्या तिवईवर उभ्याने नेम धरा, जसा शिकारीत धरणार तसा. नळ्या कधीही थेट टेकवू नका; डावा हात लाकडाखाली आणि हात तिवईवर, म्हणजे रायफल मोकळी उसळते. पन्नास मीटर. आधी एकेका नळीचे तीन-तीन बार स्वतंत्र काढा आणि मध्ये नळ्या हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. एक नळी एकटीच गोळ्या पसरवत असेल तर दोष रेग्युलेशनचा नाही, त्या नळीच्या आट्यांचा (आतल्या पिळदार खाचांचा) किंवा तोंडाच्या कडेचा आहे, आणि तो बऱ्याचदा महागात पडतो.

मग जोडीने: उजवी, लगेच डावी. थांबा. पुन्हा उजवी, डावी. प्रत्येक भोकाजवळ ‘उ’ आणि ‘डा’ लिहा. चार गोळ्या पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात आल्या तर रायफल उत्तम. साडेसात-आठमध्ये आल्या तरी शिकारीला पुरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘उ’ उजवीकडे आणि ‘डा’ डावीकडे पडलेले असावेत, मधे साधारण इंचभर अंतर राखून. चारही एका भोकात गेल्या की लोक खूश होतात. पण पन्नासवर एकत्र आलेल्या गोळ्या पुढे एकमेकींना ओलांडून जातात. शंभरावर तोच कागद पुन्हा काढा, म्हणजे कळेल.

गोळ्या फाकत असतील, म्हणजे उजवी फार उजवीकडे आणि डावी फार डावीकडे, तर काडतूस या रायफलीला मंद आहे. गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात नळी जास्त फिरते. ओलांडत असतील तर काडतूस वेगवान आहे. दोन-तीन कंपन्यांची काडतुसं आणून बघितलीत तर बहुतेक वेळा एक जुळतं. एक नळी वर आणि एक खाली मारत असेल तर मात्र काडतूस बदलून काही होत नाही, ते कारागिराचंच काम.

उन्हाचाही विचार करा. युरोपातल्या हिवाळ्यात जुळवलेली रायफल लिंपोपोत ऑक्टोबरच्या चाळीस अंशांत न्याल तेव्हा दारू अधिक जोरात जळते, वेग वाढतो. परीक्षा शक्यतो शिकारीच्या हंगामातल्या हवेत घ्या. दुर्बीण किंवा लाल ठिपक्याची साइट लावणार असाल तर ती लावूनच कागद काढा, कारण वरच्या वजनाने उसळी बदलते. पन्नाशीनंतर उघड्या साइटवर माशी, खाच आणि जनावर तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. त्या वयात छोटा लाल ठिपका लावणं शहाणपणाचं आहे, त्यात कमीपणा नाही.

जुनी इंग्रजी डबल

वापरलेल्या बाजारात, लंडनच्या लिलावात, कधी इथल्या एखाद्या शेतमालकाच्या तिजोरीत, मधल्या पायरीच्या किमतीत जुनी इंग्रजी रायफल मिळते. त्यातल्या कित्येक भारतातून फिरून आलेल्या असतात. मोह फार होतो.

पहिलं, ती नायट्रोची, म्हणजे बिनधुराच्या दारूची, आहे का? धूर करणाऱ्या काळ्या दारूच्या ब्लॅक पावडर एक्सप्रेस रायफली .५०० आणि .५७७ मध्ये भरपूर बनल्या, आणि नायट्रोचं काडतूस त्यात घातलं तर नळी फाटू शकते. नळीखालचे प्रूफचे, म्हणजे जादा दाबाचा बार काढून नळी तपासल्याचे, शिक्के वाचा. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम, बेल्जियममध्ये लिएज, जर्मनीत उल्म आणि सुल, फ्रान्समध्ये सेंट-एतिएन, ऑस्ट्रियात फेरलाख. प्रत्येक प्रूफ हाउसचा शिक्का वेगळा. जुन्या इंग्रजी नळ्यांवर बहुधा दारू आणि गोळीचं वजनही कोरलेलं असतं, उदाहरणार्थ किती ग्रेन कॉर्डाइट (त्या काळची बिनधुराची दारू) आणि किती ग्रेनची गोळी. ती ओळ म्हणजे रायफलीचं रेग्युलेशन कशावर झालं त्याची साक्ष आहे. तिचा फोटो काढून ठेवा. अमेरिकेत सक्तीचं प्रूफ नाही, म्हणून तिथल्या लहान कारखान्यांच्या रायफलीवर शिक्का नसणं हा दोष मानू नका.

दुसरं, नळीची आतली बाजू. कॉर्डाइट फार गरम जळतं, आणि त्या काळच्या काडतुसाच्या कॅपमधला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीतला, मसाला गंज धरायचा. पावसाळी मुलुखात शिकारीनंतर उकळतं पाणी घालून नळी धुतली नसेल तर आट्यांच्या कोपऱ्यात खड्डे पडलेले असतात. थोडे चालतात, काडतुसाच्या घराजवळचे नाही. मऊ शिशाची गोळी नळीतून हळूच ढकलून मायक्रोमीटरने मोजा. जुन्या नळ्यांची मापं कारखान्यागणिक किंचित वेगळी असतात आणि .४५०/४०० मध्ये तर हा फरक हमखास सापडतो.

तिसरं, बाहेरची बाजू. नळी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून फिरवा. बाहेरून आट्यांची पुसट सावली उमटलेली दिसली, तर आधीच्या मालकाने जुन्या पातळ नळीतून कडक, एकसंध धातूची गोळी मारली आहे. शिशाचा गाभा असलेली गोळी दबते, ही दबत नाही, आणि नळीच फुगते. जुन्या नळीला शिशाच्या गाभ्याची गोळीच द्या.

चौथं, काळा रंग फार ताजा आणि चकाकता दिसला तर संशय घ्या. डबलच्या नळ्यांना हळूहळू गंज चढवून, घासून काळं करतात. उकळत्या क्षारात बुडवून केलेलं काळं झटपट होतं, पण तो क्षार रिबखालचं मऊ सोल्डर खातो आणि आत अडकून वर्षानुवर्षं गंजवत राहतो. अशा वेळी नादाची परीक्षा दोनदा घ्या.

दस्त्याच्या मनगटाकडे, अॅक्शनच्या शेपटीमागे, केसासारखी चीर बघा. लाकडाचे धागे मनगटातून सरळ जायला हवेत. तेलाने काळं पडलेलं लाकूड मऊ झालेलं असतं.

कागदपत्रं

दक्षिण आफ्रिकेत २००० चा शस्त्र नियंत्रण कायदा लागतो: आधी सक्षमतेचं प्रमाणपत्र, मग प्रत्येक रायफलीचा वेगळा परवाना, घरी एसएबीएस ९५३ मानकाची तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेली. अधूनमधून शिकार करणाऱ्याला एकूण चार शस्त्रांची आणि प्रत्येकासाठी दोनशे काडतुसांची मर्यादा आहे. परवाना हाती येईपर्यंत रायफल दुकानदाराकडेच राहते, त्यामुळे परीक्षा त्याच्यासमोर, त्याच्या परवानगीने क्लबच्या मैदानावर घ्यावी लागते. बाहेरून येणाऱ्यांनी तात्पुरत्या आयातीचा पोलिसांचा अर्ज, एसएपीएस ५२०, भरून आणावा; अनुक्रमांकातला एक आकडा चुकला तरी विमानतळावर रायफल अडकते.

भारतात घरी जुनी डबल असेल तर आधी परवाना वारसाच्या नावावर आहे का ते बघा. २०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून अनेक घरांतून अशा रायफली पोलिस ठाण्यात जमा झाल्या. जमा करायच्या आधी नळीवरची अक्षरं, शिक्के, अनुक्रमांक यांचे फोटो घ्या. हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्यांत अनुक्रमांकावरून ती कोणासाठी आणि कधी बनली हे बहुधा सापडतं, आणि पुढे परवानाधारकाला विकायची वेळ आली तर त्या नोंदीने किंमत ठरते.

सौदा पक्का झाला की पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: अनुक्रमांक, ज्या काडतुसाने कागद काढला त्याची कंपनी आणि गोळीचं वजन, आणि पेटीवरचा लॉट क्रमांक. मग त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या पेट्या त्याच दिवशी घ्या. पुढचा लॉट येईल तेव्हा आधी चार गोळ्या कागदावर, मग झाडीत.